औंढ्याचे आरसे आणि ट्रॉलीची पिन



पैनगंगा ओलांडून हिंगोली जिल्ह्यात शिरले की औंढा नागनाथ फार लांब राहत नाही. ज्योतिर्लिंगामुळे हे गाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत मात्र त्याचे नाव आणखी एका कारणाने वर्तमानपत्रांत येते. औंढा तालुक्यात 'लायगो-इंडिया' नावाचे एक प्रचंड यंत्र उभे राहायचे आहे. केंद्र सरकारने त्याला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली, एप्रिल २०२३ मध्ये पक्की मंजुरी दिली आणि २,६०० कोटी रुपये ठरवले. खेड्यापाड्यांत सभेला गेले की खतांचे, बोंडअळीचे प्रश्न संपल्यावर हा प्रश्न हमखास निघतो. कोणाला वाटते तिथे अणुबॉम्बचे काही आहे, कोणाला वाटते त्याने पाऊस हटेल. दोन्हीत तथ्य नाही. पण मागच्या रांगेतल्या एखाद्या बाईने विचारलेला प्रश्न असा असतो, "साहेब, उजेड मोजून आमच्या हाती काय येणार?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर 'विज्ञानाची प्रगती' असे म्हणून उडवून लावण्याजोगे नाही. म्हणून या वेळी पिकांची गोष्ट बाजूला ठेवतो.

उजेड मोजायचा म्हणजे काय, ते कळायला औंढ्याला जावे लागत नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाखाली पाणी साचलेले असते. त्यावर तेलाचा थेंब पडला की तो पसरतो आणि त्यात जांभळे, हिरवे, तांबूस पट्टे दिसू लागतात. तेल काळपट, पाणी गढूळ, मग हे रंग आले कोठून? प्रकाश हा लाटांनी बनलेला आहे. तेलाच्या पातळ थरावर पडलेला काही प्रकाश वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही खाली पाण्यापर्यंत जाऊन परततो. खालून येणाऱ्याची वाट थोडी लांबची. दोन्ही एकत्र आले की जिथे लाटेच्या उंचवट्यावर उंचवटा बसतो तिथे उजेड वाढतो, आणि उंचवट्यावर खळगा बसला की उजेड मरतो. विहिरीत दोन खडे शेजारी शेजारी टाकून पाहा, त्यांच्या लाटा एकमेकींत मिसळतात तिथे हाच खेळ चाललेला असतो. तांबड्या प्रकाशाची लाट लांब, जांभळ्याची आखूड. त्यामुळे थराच्या जाडीप्रमाणे कोठे एक रंग मरतो, कोठे दुसरा. म्हणजे पाण्यावरचा प्रत्येक रंगीत पट्टा हा खरे तर तेलाच्या थराची जाडी सांगणारा मोजपट्टीचा आकडा आहे. साबणाच्या फुग्यावरचे रंगही याच जातीचे.

ही मोजपट्टी किती बारीक आहे? मिलिमीटरचे हजार भाग केले की एकाला मायक्रॉन म्हणतात. आपल्या कपाशीचा एक तंतू साधारण बारा ते वीस मायक्रॉन जाड असतो. हिरव्या प्रकाशाची एक लाट अर्ध्या मायक्रॉनपेक्षा थोडीशीच लांब. म्हणजे पंधरा मायक्रॉनच्या एका तंतूच्या जाडीत सत्तावीस लाटा मावतात. जिनिंगमध्ये रुईची प्रत पाहताना तंतूच्या बारीकपणाला केवढा भाव असतो ते तुम्ही जाणता. त्या तंतूचेही सत्तावीस भाग पाडणारी ही पट्टी निसर्गाने फुकट दिलेली आहे. फक्त ती वाचता आली पाहिजे.

ती वाचायला माणसाला बरीच वर्षे लागली. काचेवर काच ठेवली की रंगीत कडी उमटतात हे न्यूटनने बारकाईने मोजले होते. लाटांचे कोडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग या इंग्रज डॉक्टराने उलगडले. पण त्याचे खरे यंत्र केले अमेरिकेच्या अल्बर्ट मायकेलसनने, १८८१ साली. त्याची युक्ती सोपी होती. एक किरण अर्धपारदर्शक काचेवर टाकून त्याचे दोन भाग करायचे, एकाला सरळ पाठवायचे, दुसऱ्याला काटकोनात वळवायचे, दोघांनाही आरशांवरून परत आणायचे आणि पुन्हा एकत्र करायचे. दोन वाटांत लाटेच्या अर्ध्या अंतराचाही फरक पडला तर उजेडाच्या जागी अंधार येतो. पुढे पॅरिसमध्ये त्याने या यंत्राने मीटरच मोजून काढला. कॅडमियम धातूच्या तांबड्या प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ लाटा म्हणजे एक मीटर, असा त्याचा हिशेब होता. तोवर मीटर म्हणजे पॅरिसला जपून ठेवलेली धातूची एक पट्टी. १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० साली तर जगाने ती पट्टी बाजूला ठेवून मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशलाटांवरून केली, आणि १९८३ पासून ती प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. आपल्या तलाठ्याची साखळी असो की कापड दुकानदाराचा गज, त्याचे मूळ शेवटी उजेडातच आहे.

औंढ्याला जे होणार ते मायकेलसनच्या याच यंत्राचे थोरले भावंड. इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांत पोलादी नळ्या आणि नळ्यांतली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतलेली. हवा का काढायची, ते वैशाखात दुपारी वावरात उभे राहून धुऱ्याकडे पाहिले की कळते. तापलेल्या हवेतून पलीकडची झाडे थरथरताना दिसतात. तसा किरण थरथरला तर मोजणी संपली. भुजेतल्या आरशांमध्ये किरण सुमारे तीनशे वेळा ये-जा करतो, म्हणजे चार किलोमीटरची भुजा हजारावर किलोमीटरची होते.

मोजायचे काय? अंतराळात दोन अतिजड तारे किंवा कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशालाच हलकी लाट येते आणि ती पृथ्वीवरून जाताना यंत्राची एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील अशाच दोन यंत्रांनी ती पहिल्यांदा पकडली. सुमारे एकशेतीस कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या छत्तीसपट आणि एकोणतीसपट वजनाची दोन कृष्णविवरे एक झाली होती. भुजेतला फरक होता अणूच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा! त्याबद्दल २०१७ चे नोबेल पारितोषिक रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न या तिघांना मिळाले. दोन यंत्रांवरून लाट कोठून आली ते नीट सांगता येत नाही. पृथ्वीच्या वेगळ्या कोपऱ्यातून आणखी कान हवेत, म्हणून औंढा. शिवाय तिथली जमीन मोठे कारखाने आणि वाहतुकीच्या हादऱ्यांपासून दूर आहे.

यात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात उभारलेल्या 'आयुका' या संस्थेत डॉ. संजीव धुरंधर यांनी हा विषय धरून ठेवला, त्या काळात अशी लाट सापडेल यावर फार थोड्यांचा भरवसा होता. गोंधळातून नेमकी खूण कशी वेचायची याची रीत त्यांनी व बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली मांडली. संध्याकाळी गावचा सारा कळप धूळ उडवत परततो, तेव्हा शंभर घंट्यांतून घरची बाई आपल्या गाईची घंटा ओळखते ना? कारण तो नाद आधीच तिच्या कानात बसलेला असतो. लाटेचा नाद कसा असेल ते आधी गणिताने काढून ठेवायचे आणि मग गोंगाटात तोच शोधायचा, अशी ती रीत आहे.

पण मला स्वतःला या साऱ्यात सर्वांत विचार करायला लावतात ते आरसे. अमेरिकेच्या यंत्रांतला एकेक आरसा शुद्ध सिलिका काचेचा, ३४ सेंटीमीटर व्यासाचा आणि ४० किलो वजनाचा, म्हणजे जवळजवळ युरियाच्या एका गोणीएवढा. तो टांगलेला असतो अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा काचेच्याच धाग्यांवर. त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत घासतात की चुका मायक्रॉनच्याही हजाराव्या भागांत मोजाव्या लागतात. आणि त्या चुका मोजतात कशाने? त्याच लाटांच्या पट्ट्यांनी. शुद्ध सपाट काचेशेजारी दुसरी काच धरून एकरंगी प्रकाश टाकला की काळे पट्टे पडतात. पट्टे सरळ आले तर पृष्ठभाग सपाट, वाकले तर तिथे उंचवटा किंवा खळगा. साध्या सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत उंचीचा फरक फक्त ०.३ मायक्रॉन असतो.

एवढे करूनही दोष राहिलाच. अमेरिकेतल्या आरशांच्या लेपात केसाच्या जाडीहूनही लहान असे काही ठिपके आढळले. उरलेला आरसा तीस लाखांत प्रकाशाचा एखादाच कण शोषत होता, पण हे ठिपके जास्त शोषत. तिथे आरसा तापे, तापला की अगदी किंचित फुगे, आणि तेवढ्या फुगवट्याने किरण विखुरला जाई. लेसरचे बळ वाढवायचे तर हे ठिपके आडवे येत, म्हणून काही आरसे बदलावे लागले. हॅनफर्डला तर नळीवर जमलेला बर्फ कावळ्यांच्या जातीचे पक्षी चोचीने टोचत, त्याची ठकठक यंत्राच्या मोजणीत उतरली होती. लिव्हिंग्स्टनच्या आसपास झाडतोड चालली की तिथल्या यंत्राला त्रास होई. आपल्याकडे कावळ्यांना आणि कुऱ्हाडींना तोटा नाही, तेव्हा औंढेकरांनी तयारी ठेवावी.

आता त्या मागच्या रांगेतल्या बाईंचा प्रश्न. कृष्णविवराची लाट सापडल्याने तुरीचा भाव वाढणार नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पण उजेडाने पृष्ठभाग तपासण्याची जी विद्या आहे ती तुमच्या दारात केव्हाच आलेली आहे. ती ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली बसलेली आहे.

डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याची नळी, ज्याला गॅरेजवाले 'एलिमेंट' म्हणतात, यांच्यामध्ये दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते. कपाशीच्या तंतूच्या जाडीचा पाचवा-सहावा भाग म्हणा. एवढी कमी फट असल्याशिवाय हवेच्या दाबाच्या दोनशेपट दाब तयार होत नाही आणि नोझलमधून डिझेलचे धुके निघत नाही. अशा भागांची घासून सपाट केलेली तोंडे कारखान्यात त्याच काळ्या पट्ट्यांच्या पद्धतीने तपासता येतात. आणि आपण काय करतो? उघड्या ड्रममधून, खळ्यावरच्या धुळीत, तुटक्या डबड्याने डिझेल ओततो. डोळ्यांना न दिसणारा पाच-दहा मायक्रॉनचा धुळीचा कण त्या फटीत शिरला की ओरखडा पडतो. मग इंजिन काळे ओकते, डिझेल जास्त पिते, थंडीत सुरू होत नाही, आणि आपण दोष देतो कंपनीला. ड्रम हलवल्यावर डिझेल किमान रात्रभर निवू द्यावे. तळातले चार बोटे डिझेल टाकीत घालू नये. चाडीला बारीक जाळी असावी, सुती फडके नको, त्याचेच तंतू आत जातात. फिल्टरखालच्या वाटीतले पाणी काढत जावे. कागदी फिल्टर धुऊन परत बसवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

हा पैशाचा प्रश्न झाला. दुसरा प्रश्न जिवाचा आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बाया बसून जातात. कायद्याने ते चालत नाही, आणि बंदही होत नाही, हे तुम्हीही जाणता, मीही जाणतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना धरून ठेवणारी वस्तू म्हणजे एक पिन. मळणी यंत्राच्या शाफ्टचेही तसेच, कडबा कुट्टीच्या चाकाचेही तसेच. हे लोखंड एका दिवसात तुटत नाही. एखादा ओरखडा, चावीच्या खाचेचा कोपरा, वेल्डिंगची कड, अशा ठिकाणी केसासारखा तडा सुरू होतो आणि प्रत्येक हिसक्याला थोडा थोडा आत सरकतो. कधी पिन तुटली तर तिचे तुकडे फेकू नका, तोंड पाहा. एका बाजूला गुळगुळीत, काळपट भाग दिसेल, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेघा असतील. तो जुना तडा. उरलेला भाग खरखरीत आणि चमकदार, तो त्या दिवशी तुटलेला. मिस्त्री म्हणतो माल हलका होता. कधी असेलही. पण जुना काळा भाग अर्ध्याहून अधिक असेल तर ती पिन बरेच दिवस तुटत होती आणि कोणी पाहिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

पाहायचे कसे? आपल्या आया-आज्या माठ घेताना बोटाने वाजवून घेत, बदबद आवाज आला की तडा. रेल्वेत चाकांवर हातोडी मारून नाद ऐकत. पण रेल्वेच्या कारखान्यांत आणखी एक जुनी रीत होती, तेल आणि खडूची. गाडीचा आस पातळ केलेल्या तेलात बुडवून ठेवायचा, पुसून कोरडा करायचा आणि त्यावर खडूचा पातळ लेप द्यायचा. तड्यात शिरलेले तेल हळूहळू बाहेर झिरपे आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट स्विट्झर यांनी तेलाऐवजी जांभळ्यापलीकडच्या प्रकाशात चमकणारा रंग वापरला आणि विमानांचे भागही याच तत्त्वावर तपासले जाऊ लागले. आजही तपासले जातात. म्हणजे तेल-खडूची रीत ही काही अडाण्यांची युक्ती नव्हे.

घरी करायची तर अशी करा. यंत्र बंद असावे, पट्टा काढलेला असावा, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावलेले असावेत. पिन काढून तारेच्या ब्रशने गंज, ग्रीस, रंग सारे साफ करा. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालेल. त्यात पिन निदान तासभर, जमल्यास रात्रभर बुडवून ठेवा, चुलीपासून आणि विडीपासून लांब. मग स्वच्छ फडक्याने कोरडी पुसा, अगदी कोरडी. शाळेतल्या पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड तिच्यावर भुरभुरवा किंवा खडूच आडवा धरून घासा. पिनेला लाकडाने दोन-चार हलके ठोके द्या, अर्धा तास थांबा आणि उन्हात पाहा. ओली, गडद, बारीक रेघ सरळ किंवा गोलाकार उठली तर तो तडा. नुसता डाग पसरला तर पुसण्यात कसूर झाली, पुन्हा करा. शाफ्ट काढता येत नसेल तर तेलात भिजवलेले फडके गुंडाळून ठेवूनही काम होते, विशेषतः चावीच्या खाचेजवळ आणि बेअरिंगच्या कडेला. सोयाबीनची मळणी सुरू होण्यापूर्वी एकदा आणि तुरीच्या मळणीपूर्वी एकदा एवढे पुरे.

या रीतीची मर्यादाही सांगतो. पृष्ठभागावर तोंड असलेला तडाच ती दाखवते. लोखंडाच्या पोटातला दोष तिला दिसत नाही, तड्याचे तोंड गंजाने किंवा रंगाने बुजले असेल तर तोही दिसत नाही. रेघ आली नाही म्हणजे पिन शंभर टक्के चांगली, असे समजून ट्रॉलीवर जास्तीचे वजन चढवू नका. शंका असेल आणि वस्तू महाग असेल तर मोठ्या वर्कशॉपमध्ये लाल रंगाची फवारणी करून तपासून मिळते, ती याच रीतीची सुधारलेली बहीण.

तडा सापडला तर वेल्डिंग करून घेण्याचा मोह होतो. ट्रॉलीच्या पिनेला आणि मळणी यंत्राच्या शाफ्टला तो करू नये. वेल्डिंगच्या कडेलाच पुढचा तडा सुरू होतो, आणि तो आतून सुरू झाला तर खडूलाही दिसत नाही. पिनेच्या जागी बांधकामाची सळई किंवा हाताला लागेल तो बोल्ट घालणे हेही तसेच. नवी पिन त्याच मापाची आणि त्याच जातीच्या पोलादाची घ्यावी, तिला खालून कुलूपपिन असावी. आणि जुनी, तडा गेलेली पिन ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नका. करवतीने तिचे दोन तुकडे करून भंगारात टाका. नाहीतर वेचणीच्या घाईत, नवी पिन सापडत नसते तेव्हा, घरातलाच कोणीतरी ती काढून पुन्हा घालतो.